तीन तासांत कोणतं माध्यम?

अनेक आशीर्वाद.

तीन तासांत चित्र पूर्ण करायचं तर माध्यम कोणतं घ्यावं, असं तू विचारलंस. हात किती भरभर चालतो हे त्यात दुय्यम आहे. थर वाळायला किती वेळ लागतो, मोठी जागा किती लवकर भरते आणि चूक किती लवकर सुधारता येते, ते आधी बघ.

रंगीत पेन्सिलीत वाळण्याची भानगड नाही, म्हणून ती सोपी वाटते. पण ए-३ कागदावर गडद पार्श्वभूमी भरायला घेतलीस की वेळ तिथेच संपतो. घाईने दाबून घासलं तर कागदाचा दाणा, म्हणजे खरखरीतपणा, बुजतो आणि वरचा रंग बसत नाही. तिचाच आग्रह असेल तर ए-४ घे, क्षेत्रफळ निम्मं होतं. तैलरंग ओल्यावर ओला लावायचा भरपूर सराव असेल तरच, नाहीतर रंगांचा चिखल होतो.

जलरंग वेगवान आहे, पण तो थांबायला लावतो, आणि मुलं नेमकी तिथेच अधीर होतात. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, दिल्यावर कागद तिरका धरून बघ. चमक गेली म्हणजे वाळला असं नाही. बोटांच्या मागच्या बाजूने हलकेच स्पर्श कर. गार लागला तर आत ओल आहे. अशा वेळी पाणचट रंग टेकवलास की पाणी पसरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. हेअर ड्रायर चमक असताना लावू नकोस, साचलेला रंग ढकलला जातो. कागद ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम) असू दे. पातळ कागद फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो.

तीन तासांसाठी माझं मत पोस्टर कलरला. तो काही मिनिटांत वाळतो आणि फिकट रंग गडदावर चढतो. मात्र वाळल्यावर फिकट छटा थोडी गडद होते आणि गडद छटा थोडी उजळते, म्हणून आधी कडेच्या तुकड्यावर पट्टा ओढून वाळवून बघ. आकाशासारख्या सपाट जागेचा रंग एकदमच पुरेसा कालव, कारण मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जमणं कठीण. पाणी जास्त झालं तर पट्टे दिसतात, फार घट्ट लावला तर तडे जातात. वरचा थर एका हातात ओढ आणि सोड. घासत बसलास की खालचा रंग सुटून वर येतो. ॲक्रिलिक असा सुटत नाही, पण पॅलेटवर आणि ब्रशच्या केसांत वाळून बसतो.

तासाभराचंच काम असेल तर मध्यम करड्या कागदावर कोळसा आणि पांढरा पेस्टल. मधली छटा कागदच देतो, तुला फक्त अंधार आणि उजेड मांडायचा. कोळसा पुसू नये म्हणून फवारायच्या फिक्सेटिव्हने पांढरा मंदावतो, तेव्हा शेवटचे उजळ ठिपके फवारल्यानंतर दे.

तीन तासांची वाटणी साधारण अशी: १५ मिनिटं लहान कच्च्या आराखड्यांना, २५ रेखांकनाला, १०० मोठ्या आकारांना, २५ बारकाव्यांना. उरलेली १५ मिनिटं चुका सुधारण्यासाठी मोकळी ठेव, ती आधीच्या कामात खर्चू नकोस.

या आठवड्यात तुझ्याकडे आहे त्याच कागदावर प्रत्येक माध्यमाचा एकेक पट्टा ओढ आणि तो वाळायला लागलेली मिनिटं शेजारी लिही. हवा दमट असेल त्या दिवशी पुन्हा मोज.