कोल्हापुरात घरच्या सफाईसाठी पर्यावरणाला कमी त्रास देणारी उत्पादनं कशी निवडावीत?

'नैसर्गिक', 'ग्रीन' असं पुढच्या बाजूला कुणीही छापतं. पाकीट उलटं करून वाचा. कपड्यांच्या पावडरीत फॉस्फेट नाही ना, हे आधी बघा. फॉस्फेट म्हणजे पाण्यातल्या वनस्पतींना खतच. पंचगंगेत जलपर्णी माजते ती सांडपाण्यातल्या फॉस्फरस आणि नायट्रोजनवर. आपल्या मोरीतलं पाणी शेवटी तिकडंच जातं, आणि खाली इचलकरंजी, शिरोळकडची माणसं त्याच नदीकाठी राहतात. म्हणून माझ्या मते पावडरीची निवड सगळ्यात महत्त्वाची. पावडर टाकायचीही मोजूनच.

फरशीला रोज फिनेल कशाला? साधं पाणी, फार तर चमचाभर धुण्याचा सोडा. नळावरच्या क्षारांच्या डागांना लिंबू किंवा सायट्रिक अ‍ॅसिड पुरतं. शहाबादी फरशीवर मात्र नको, तो चुनखडीचा दगड, अ‍ॅसिडनं खराब होतो. रोजच्या भांड्यांना रिठ्याचं पाणी चालतं. तांबड्या रश्श्याच्या पातेल्याला ते कमी पडतं, तिथं थोडा साबण घ्याच.

आणि संडासाचं अ‍ॅसिड व ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.