गोल्डमान टोनोमीटरचे कॅलिब्रेशन दवाखान्यातच कसे तपासावे?

आपल्या दवाखान्यातला गोल्डमान टोनोमीटर, म्हणजे डोळ्यातला दाब मोजणारे यंत्र, हवेच्या झोताने तोच दाब मोजणाऱ्या यंत्रापेक्षा सातत्याने तीन-चार अंक जास्त दाखवतो, म्हणून त्यात बिघाड आहे का, असे आपण विचारले आहे. केवळ या तुलनेवरून तसे ठरवता येणार नाही. दोन्ही यंत्रांची मोजण्याची रीत वेगळी आहे, कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) जाडीचा परिणामही दोहोंवर सारखा होत नाही, आणि तराजूची खात्री दुसऱ्या तराजूने नव्हे, तर प्रमाणित वजनाने करायची असते. ते वजन टोनोमीटरसोबतच मिळते: पाच खुणा कोरलेली धातूची दांडी. मधली खूण शून्याची, तिच्या दोन्ही अंगांच्या खुणा २ च्या आणि टोकांकडच्या ६ च्या.

ड्रमवरचा, म्हणजे टोनोमीटरच्या आकडे असलेल्या फिरत्या चकतीवरचा, १ म्हणजे १ ग्रॅम भाराइतका जोर. कॉर्नियाचा ३.०६ मिमी व्यासाचा भाग सपाट झाला की हा १ म्हणजे पाऱ्याचे १० मिमी, असा हिशेब हान्स गोल्डमान यांनी बसवून ठेवला आहे. म्हणून २ ची खूण २० मिमी दाब तपासते आणि ६ ची ६० मिमी.

टोनोमीटर स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) नेहमीच्या जागी बसवून, प्रिझम (कॉर्नियाला टेकणारे टोक) लावूनच तपासणी करावी. आधी दांडीशिवाय शून्य पाहावे. ड्रम शून्याच्या किंचित खाली, रेघेच्या जाडीइतका, म्हणजे उणे ०.०५ वर नेला की प्रिझमची भुजा आपल्याकडे कलली पाहिजे आणि तेवढाच वर नेला की रुग्णाच्या बाजूला. मग दांडीची २ ची खूण धारकाच्या निर्देशक रेषेशी जुळवून, दांडीचा लांब भाग आपल्याकडे येईल अशा रीतीने ती बसवावी. १.९५ वर भुजा आपल्याकडे असावी, २.०५ वर रुग्णाकडे जावी. ६ साठी हेच ५.९ आणि ६.१ वर करावे.

यातली २ ची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण काचबिंदूचा संशय घ्यायचा की नाही, थेंब वाढवायचे की नाही, हे बहुतेक वेळा २० च्या आसपासच्या आकड्यांवर अवलंबून असते. ड्रम अगदी सावकाश फिरवावा आणि भुजा नेमकी कुठे हलली ते लिहून ठेवावे. समजा ती २.३ ला पोहोचल्यावर रुग्णाकडे गेली, तर २० मिमी दाबाला आपले यंत्र २३ दाखवते आहे, म्हणजे ते ३ मिमी जास्त वाचते, १.७ लाच गेली, तर तितकेच कमी वाचते. कमी वाचणारे यंत्र मी अधिक धोक्याचे मानतो, कारण वाढलेला दाब त्यात लपून राहतो आणि रुग्णाला काही जाणवतही नाही.

भुजा अडखळत असेल, तर प्रिझम नीट बसला आहे का ते पाहून पुन्हा तपासावे. फरक कायम राहिला, तर स्क्रू उघडून स्वतः दुरुस्ती न करता यंत्र उत्पादकाच्या सेवाकेंद्राकडे पाठवावे आणि परत आल्यावर याच दांडीने पुन्हा पडताळावे. मी दर महिन्याला, आणि यंत्राला धक्का लागला किंवा ते हलवले गेले तर त्याच दिवशी, ही तपासणी करून तारखेसह नोंद ठेवतो. चूक सापडलीच, तर मागच्या बरोबर नोंदीनंतर ज्यांचे उपचार या यंत्राच्या आकड्यांवरून बदलले, त्या रुग्णांना पुन्हा बोलावता येते.