ऑइल कोणतं टाकू? आधी बॉण्ड परत करा

यावल तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतले एक शिक्षक लिहितात:

"वय ३६. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बायकोला माहेरी स्वतःच्या गाडीतून न्यायचं म्हणून जळगावहून २०१४ ची स्विफ्ट डिझेल घेतली. १ लाख ३८ हजार किलोमीटर चाललेली, किंमत साडेतीन लाख. ५० हजार रोख दिले, बाकी फायनान्स. आता ऑइल बदली करायचंय. आमचा मिस्तरी म्हणतो, 'गाडी जुनी शे सर, जाड ऑइलच टाका', ११०० रुपयांत काम होतं. भाचा म्हणतो सिंथेटिकच टाका, २६०० लागतील. डीलर इंजिन फ्लश, सिंथेटिक ऑइल आणि वरून टाकायचं एक औषध असं ६५०० चं पॅकेज सांगतोय. फिल्टर १२० चं घ्यावं की ३५० चं? गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर चालेल.

ता. क. कर्ज ११ टक्क्यांनी मिळालं, हप्ता ९९०० रुपये, चार वर्षं. सोबत एक पॉलिसीही झाली, वर्षाला ३० हजार, १५ वर्षांनी साडेसहा लाख. पॉलिसीचा पहिला हप्ता फायनान्सवाल्यांनी कर्जातच बसवून दिला. २ लाखांची एफडी आहे, तिला मात्र हात लावला नाही. गाडीची कागदपत्रं नावावर व्हायची आहेत, एजंट करून देणार आहे."

सर, तुमचं खरं पत्र ता. क. पासून सुरू होतं.

पत्र वाचल्याबरोबर मी तुम्हाला एकच गोष्ट विचारली होती: पॉलिसीचा बॉण्ड, म्हणजे मूळ कागद, हातात कधी आला? 'चोवीस दिवस झाले,' असं उत्तर आलं. म्हणून हे उत्तर प्रसिद्ध व्हायची वाट न बघता त्याच दिवशी तुम्हाला विमा कंपनीच्या शाखेत पाठवलं. बॉण्ड मिळाल्यापासून ३० दिवसांत, पॉलिसीच्या अटी पटल्या नाहीत म्हणून ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मधल्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. तुम्ही पोच घेऊन आलात, ते बरं केलंत. आणखी आठवडा ऑइलच्या विचारात गेला असता, तर पंधरा वर्षं अडकला असता.

आता ती पॉलिसी काय होती ते बघू. ३० हजार गुणिले १५, म्हणजे साडेचार लाख भरायचे आणि शेवटी साडेसहा लाख घ्यायचे. ऐकायला मोठं वाटतं. हिशेब केला तर परतावा पडतो वर्षाला साधारण साडेचार टक्के. तुमची एफडी ७ टक्के देते. आणि या साडेचार टक्क्यांसाठीचे पहिले ३० हजार तुम्ही कर्जाऊ घेतले! 'पॉलिसी घेतली तरच लोन पास होतं' असं सांगितलं असणार, मला ते वाक्य पाठ आहे. कर्जासाठी आयुर्विमा घेतलाच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. तुमच्यामागे कुटुंब आहे, विमा हवाच, पण तो ५० लाखांचा साधा टर्म विमा. तुमच्या वयाला, सिगारेट-तंबाखू नसेल तर, वर्षाला दहा हजारांच्या आत बसावा. त्यात शेवटी काही परत मिळत नाही. मिळूही नये.

मग ते ११ टक्के. सर, हे ११ टक्के फ्लॅट आहेत. म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत राहता, पण व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर चारही वर्षं लागतं. गाडीचे ३ लाख आणि पॉलिसीचे ३० हजार, अशा ३ लाख ३० हजारांवर ११ टक्के, वर्षाचे ३६,३००, चार वर्षांचे १ लाख ४५ हजार २००. मुद्दल धरून ४ लाख ७५ हजार २००, भागिले ४८, बरोबर ९९००. बँक घरकर्जाचा दर सांगते त्या पद्धतीने, म्हणजे घटत्या शिलकीवर मोजलं, तर हा दर होतो १९ टक्क्यांच्या वर. आणि गाडीसाठी तर तुम्हाला ३ लाखच मिळाले होते. त्यावर मोजलं तर २५ टक्क्यांच्या जवळ. केळी भरताना कटती, म्हणजे कपात, किती लावली हे तुमच्या गावातलं शेंबडं पोरही विचारतं. इथे ३० हजारांची कटती लागली आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद देणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलंय. त्यात सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर छापलेला असतो. तुमच्या फायलीत तो असेल, बहुधा सही करताना सर्वात खाली ठेवलेला. काढून वाचा.

पतपेढीत का गेला नाहीत याचं उत्तर मला माहीत आहे: तिथे जामीनदार लागतात, मीटिंगची वाट बघावी लागते आणि आखाजी तर तोंडावर. जळगाव जिल्ह्यातल्या मास्तराला पगारदार पतसंस्थेचं महत्त्व मी सांगायचं म्हणजे कमालच. असो. अजून वेळ गेलेली नाही.

कर्जाचा एक हप्ता गेलाय, सव्वातीन लाख बाकी आहेत. मुदतीआधी फेडीचा दंड करारात बघा. ५ टक्के आणि वर जीएसटी धरला तर १९ हजार. लॉक-इन असेल, म्हणजे सुरुवातीचे काही महिने कर्ज बंद करता येत नसेल, तर तेवढे महिने थांबावं लागेल. म्हणजे लागणार साधारण ३ लाख ४५ हजार. पॉलिसीचे २९ हजारांच्या आसपास परत येतील. एफडीतून दीड लाख काढा, ५० हजार अडीअडचणीला राहू द्या. उरलेले एक लाख पासष्ट हजार पतपेढीतून, घटत्या व्याजाने. साडेदहा टक्के दर धरला तर तीन वर्षं हप्ता ५४०० रुपये. आजच्या हप्त्यापेक्षा साडेचार हजार कमी. ते साडेचार हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकले, तर तीन वर्षांत मोडलेली एफडी परत उभी राहते आणि चौथ्या वर्षी हप्ताच नसतो. 'एफडी मोडायची नसते' हे वाडवडिलांचं म्हणणं मला मान्य आहे, पण वाडवडील १९ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून ७ टक्क्यांची एफडी सांभाळत नव्हते.

आणखी एक हिशेब. गाडीच्या नोंदणीची १५ वर्षं २०२९ मध्ये भरतात, नूतनीकरणाला तपासणी आणि खर्च आहे. तुमचे सध्याचे हप्ते २०३० पर्यंत चालणार.

कागदपत्रांचं एजंटवर सोडू नका. आरसी नावावर करून घ्या आणि गाडीचा विमा नावावर करायचा अर्ज लगेच द्या. तो गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत द्यायचा असतो. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचं संरक्षण गाडीसोबत येतं, पण तुमच्याच गाडीचा चुराडा झाला तर जुन्या मालकाच्या नावावरच्या पॉलिसीतून दावा मिळवताना नाकी नऊ येतील. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, हीसुद्धा तुम्हाला मिळत नाही, ती त्याच्यासोबत जाते. थोडा फरक भरावा लागेल. भरा.

आता ऑइल. गाडीचं मॅन्युअल उघडा, नसेल तर कंपनीच्या साइटवर मिळतं, आणि त्यात लिहिलेला ग्रेडच टाका. या डिझेल इंजिनाला बहुधा ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, म्हणजे पातळ ऑइल, आणि ते बहुतेक सिंथेटिकच येतं. म्हणजे भाचा बरोबर. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ वर जातो म्हणून जाड ऑइल लागतं, ही समजूत चुकीची. चालू इंजिनातलं ऑइल तसंही १०० अंशांच्या आसपास तापतं, बाहेर ४५ असो की १५. या इंजिनात टर्बो आहे, टायमिंग चेन आहे, दोन्हींना ऑइल झटपट पोचावं लागतं. जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं, त्यातही जानेवारीतल्या पहाटे. ऑइलवर वाचवलेले दीड हजार टर्बोच्या बिलात किती पटींनी निघतील ते मिस्तरीलाच विचारा. फ्लश आणि औषध नको. फिल्टर ३५० चं, ओरिजिनल, पक्क्या बिलावर. मागच्या मालकाने काय टाकलं ठाऊक नाही, म्हणून पहिली बदली आत्ताच करा, पुढची सात-आठ हजार किलोमीटरला.

सगळे मिळून तीन हजार. सध्या तुमच्या हप्त्यातले सव्वापाच हजार नुसतं व्याजात जातात. म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन ऑइल बदली.

डिझेल गाडीचं ऑइल चार दिवसांत काळं होतं, त्याला घाबरू नका. दर पंधरा दिवसांनी, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन थंड असताना, पट्टी काढून पातळी बघा.