बदकांसाठी थांबलेला चॅम्पियन : खरा की नुसता फॉरवर्ड?

प्रश्न : आपल्या नाशिकचा दत्तू भोकनळ 2016 ला रिओत ज्या सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने दोन वल्ह्यांनी होडी मारायची शर्यत) उतरला होता ना, त्याच प्रकारातल्या एका ऑस्ट्रेलियन चॅम्पियनचा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय, की बदकं आडवी आली म्हणून भर ऑलिम्पिक रेसमध्ये हा थांबला आणि तरी जिंकला. खरं आहे का? आणि पुढे त्याचं काय झालं?

उत्तर : चक्क खरं आहे. माणूस बॉबी पिअर्स, सिडनीचा, जन्म 1905. साल 1928, ॲमस्टरडॅमचा कॅनॉल, क्वार्टर फायनल, समोर एक फ्रेंच गडी. आता वल्हवणारा पाठमोरा बसतो, फिनिश लाइन त्याच्या पाठीमागे, त्यामुळे होडीपुढे काय आलंय ते त्याला दिसतच नाही, काठावरचे लोक ओरडायला लागले तेव्हा ह्याने मान वळवून बघितलं तर बदकीण पिल्लांची रांग घेऊन निवांत चाललेली. ह्याने वल्ही थांबवली. तोवर तो फ्रेंच सटकला पुढे, मग ह्याने त्याला गाठलं आणि पार मागे टाकलं. फायनल मारून गोल्डही घेतलं.

मला विचाराल तर बदकांपेक्षा भारी किस्सा हेन्लीचा. इंग्लंडातली ती मानाची, फक्त हौशी खेळाडूंची डायमंड स्कल्स शर्यत, तिथे त्याच वर्षी ह्याला एन्ट्रीच नाकारली, का तर हा सुतार! अंगमेहनतीवर पोट भरणारा माणूस तिथे 'हौशी' खेळाडू धरतच नसत. आता बोला. 1930 ला कॅनडात हॅमिल्टनला एम्पायर गेम्समध्ये (आताच्या कॉमनवेल्थ गेम्सचं जुनं रूप) जिंकला, घरी मंदीमुळे कामाची बोंब, तेव्हा एका व्हिस्कीवाल्याने त्याला कॅनडात सेल्समनची नोकरी दिली. रंधा सुटला, व्हिस्की विकायला लागला, की लगेच साहेब 'हौशी' ठरले! 1931 ला डायमंड स्कल्स जिंकूनच दाखवली.

1932 ला लॉस एंजेलिस, राहायला कॅनडात पण उतरला ऑस्ट्रेलियाकडूनच, परत गोल्ड. सिंगल स्कल्सचं गोल्ड लागोपाठ दोनदा त्याच्याआधी कुणीच घेतलं नव्हतं. मग 1936 ला का नाही? तर 1933 मध्ये टेड फेल्प्सला हरवून त्याने प्रोफेशनल वर्ल्ड टायटल घेतलं, आणि पैशांसाठी रेस मारली की तेव्हा ऑलिम्पिकचं दार बंद. 1938 ला रिटायर होईपर्यंत ते टायटल त्याच्याकडून कुणाला काढून घेता आलं नाही, मधे काही काळ गडी पैशांसाठी कुस्त्याही खेळला.