अनवाणी धावलं की ढांग आखडते, वेग मात्र दुसरीकडून आणावा लागतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ४१, दहा किलोमीटरला तासभर लागतो, लांब पल्ला झाला की उजवा गुडघा ठणकतो. गेल्या रविवारी डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर बूट काढून धावलात. घड्याळानं किलोमीटरमागे पंधरा सेकंद कमी दाखवले, गुडघ्यानं त्रास दिला नाही, पण पुढचे तीन दिवस जिना उतरणं मुश्कील झालं इतक्या पोटऱ्या धरल्या. अकरा आठवड्यांवर हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरची शर्यत, आहे. ती अनवाणीच धावावी का, आणि वेळ कमी होईल का?

हाफ बुटातच धावा. वेळ निव्वळ बूट काढल्यानं कमी होणार नाही. पण त्या दोन किलोमीटरमध्ये तुमच्या पायांनी आपण होऊन जे केलं ते फार कामाचं आहे. ते नीट समजून घेतलंत तर अकरा आठवड्यांत त्याचा उपयोग करता येईल.

आधी साधं गणित करू. सहा मिनिटांना एक किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे १६७ मीटर. तुमच्या नोंदीत कॅडेन्स (मिनिटाला पडणारी पावलं) १६० दिसतोय, म्हणजे एकेक पाऊल साधारण १०४ सेंटिमीटरचं. कॅडेन्स १६८ केला आणि वेग तोच ठेवला, तर पाऊल ९९ सेंटिमीटरवर येतं. वेग तसूभरही वाढला नाही, फक्त त्याची वाटणी बदलली. अनवाणी धावताना शरीर जवळजवळ नेहमी हेच करतं : पावलं जरा छोटी आणि जरा जास्त, आणि पाय जमिनीवर कमी वेळ. पाय शरीराच्या फार पुढे न पडता कमरेच्या जवळ पडतो, टेकताना गुडघा थोडा वाकलेला असतो आणि तळवा सपाट किंवा चवड्याकडे झुकलेला असतो.

असं का होतं, हे घरीच बघता येतं. बूट काढून फरशीवर जागच्या जागी चार उड्या मारा. टाचेवर कुणीच उतरत नाही, आपण चवड्यावर उतरतो आणि मग टाच हलकेच टेकते. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये जो अभ्यास छापला, त्यात हेच मोजून दाखवलं होतं. टाच आधी आपटली की पाय टेकल्या टेकल्या, सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत, जमिनीकडून एक तीक्ष्ण धक्का वर येतो. चवड्यावर उतरलं की तो टोकदार धक्का जवळजवळ दिसतच नाही. केनियाच्या रिफ्ट व्हॅलीतले लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुतेक धावपटू चवड्यावर उतरताना दिसले, आणि त्यानं ‘बूट फेका’ या लाटेला आणखी जोर आला.

त्या लाटेत एक गोष्ट मागे पडली, आणि ती तुमच्यासारख्याला सांगणं मला सगळ्यात गरजेचं वाटतं. बूट काढले की पाय आपोआप चवड्यावर उतरतोच असं नाही. उत्तर केनियातल्या दासनाच लोकांवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला. तेही आयुष्यभर अनवाणी चालणारे-धावणारे. पण आपल्या सोयीच्या वेगानं धावताना त्यांतले बहुसंख्य टाचेवरच उतरत होते, सुमारे ७२ टक्के वेळा. वेग वाढला तसे ते मधल्या तळव्याकडे सरकले. म्हणजे पाय कसा टेकतो हे बुटाबरोबरच वेगावर आणि जमिनीवरही ठरतं. मऊ जमिनीवर बरेच जण बूट काढूनही टाच आपटत राहतात, आणि अनवाणी टाच आपटणं हे बुटातल्या टाच आपटण्यापेक्षा वाईट, कारण मध्ये फोमही उरलेला नसतो.

मी हे आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. तिथे लाल मातीवर संध्याकाळी पाणी मारतात, त्यामुळे सकाळी ठसे स्वच्छ उठतात. आमच्या ग्रुपमधले बँकेत काम करणारे एक उंच गृहस्थ बूट काढून पहिली फेरी धावले, तेव्हा प्रत्येक ठशात टाचेच्या जागी खोल खड्डा आणि बोटांपाशी माती मागे उकरलेली. टाच ब्रेक लावत होती आणि बोटं त्या ब्रेकची भरपाई करत होती. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत टाचेचा खड्डा उथळ झाला, ठसा भरीव झाला, दोन ठशांमधलं अंतर चांगलं वीतभर कमी झालं. मी त्यांना एक शब्दही सांगितला नव्हता. पण घरी गेल्यावर त्यांच्या दुसऱ्या बोटाखाली रुपयाएवढा फोड आला. तळव्यावर असा फोड आला की समजायचं, पाय टेकताना किंवा उचलताना जमिनीवर घासतोय. पाय नीट वरून टेकून वर उचलला जात असेल तर कातडी तापते, पण सोलत नाही. अनवाणी धावण्यातला हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे : चूक कुठे आहे ते लगेच तळव्यावर लिहिलेलं मिळतं.

आता वेग. वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले पावलांची संख्या, त्याला तिसरी वाट नाही. तुम्हाला किलोमीटरमागे वीस सेकंद कमी करायचे असतील, म्हणजे ५:४० ला एक किलोमीटर, तर मिनिटाला १७६ मीटरच्या पुढे जावं लागेल. १७० कॅडेन्सला त्यासाठी पाऊल पुन्हा १०४ सेंटिमीटरचंच हवं. अनवाणी धावण्यानं तुमचं पाऊल आखडलं, आणि हवी तर लांबी आहे. मग ही लांबी आणायची कुठून?

पाऊल दोन प्रकारे लांब होतं. एक, पाय पुढे फेकून. दुसरं, मागच्या पायानं जमीन जोरात ढकलून, ज्यात दोन्ही पाय हवेत असताना शरीर पुढे जातं. पहिल्या प्रकारात प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि त्याचा बराचसा भार गुडघा घेतो. अनवाणी धावणं हा पहिला प्रकार कापून टाकतं, आणि म्हणूनच तुमचा गुडघा शांत राहिला. कॅडेन्स पाच ते दहा टक्के वाढवला तर गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, हे बूट घालून केलेल्या प्रयोगांतही दिसलंय. पण दुसरा प्रकार, ढकलण्याची ताकद, अनवाणी धावून येत नाही. ती येते चढावर धावून, मांड्या आणि नितंबांच्या व्यायामानं, आणि आठवड्यातून एकदा इंटरव्हल्स (थोडं वेगात, मग थोडं हळू, असं आलटून पालटून धावणं) करून. साताऱ्याची मंडळी यवतेश्वरच्या घाटात जे घाम गाळतात, त्यातून वेग येतो.

मग तुमचे ते पंधरा सेकंद? दोन किलोमीटर हे अंतरच छोटं. नव्या गोष्टीच्या उत्साहात कॅडेन्स वाढला आणि पाऊल अजून पुरतं आखडलं नव्हतं, म्हणून वेग वर गेला. त्याची किंमत पोटऱ्यांनी तीन दिवस मोजली. एकवीस किलोमीटरला ती किंमत शर्यतीच्या मध्येच मोजावी लागेल.

बूट काढल्यावर वजन कमी होतं, मग दम कमी लागायला नको का, हा प्रश्न नेहमी येतो आणि तो योग्य आहे. प्रत्येक पायावर १०० ग्रॅम वाढले की धावायला लागणारा ऑक्सिजन सुमारे एक टक्क्यानं वाढतो. त्या हिशेबानं अनवाणी धावणारा फायद्यात असायला हवा. पण कोलोरॅडो विद्यापीठात २०१२ साली अनवाणी धावण्याचा सराव असलेल्यांवरच हे तपासलं, तेव्हा सुमारे १५० ग्रॅमच्या हलक्या, गादीवाल्या बुटापेक्षा अनवाणी धावणं स्वस्त पडलं नाही. अनवाणी पायावर बुटाएवढं वजन बांधून बरोबरी केली, तर बूटवाल्यांना उलट तीन-चार टक्के कमी ऊर्जा लागली. कारण उघड आहे : धक्का शोषायचं काम फोमनं केलं नाही तर ते पोटरीच्या आणि तळव्याच्या स्नायूंना करावं लागतं, आणि स्नायूंना त्यासाठी ऑक्सिजन लागतो. टाचेमागची कंडरा आणि तळव्याची कमान ताणली जाऊन ऊर्जा साठवतात आणि परत देतात हे खरं, पण बूट घातल्यानं ती सोय बंद पडत नाही.

इथियोपियाच्या अबेबे बिकिलाचं नावही तुम्ही घेतलंत. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन ते अनवाणी धावले आणि जिंकले, शेवट कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी, वेळ २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, तेव्हाची जगातली सर्वोत्तम. त्या मॅरेथॉनबद्दल वाचताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. पण चार वर्षांनी टोकियोत तेच बूट-मोजे घालून धावले आणि २:१२:११ अशी वेळ नोंदवून पुन्हा जिंकले, तीही अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन सहाएक आठवडेच झालेले असताना. मार्ग वेगळा, हवा वेगळी, त्यामुळे तीन मिनिटं बुटांनी दिली असं म्हणणं चूक. बूट नव्हते म्हणून ते रोमला जिंकले, हेही तितकंच चूक. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या धावपटू झोला बडनं १९८५ मध्ये ५००० मीटरचा १४:४८.०७ चा विश्वविक्रम अनवाणी केला, पण तो सिंथेटिक ट्रॅकवर, जिथे खालची जमीनच थोडी गादीचं काम करते. आपल्याकडे नाशिकच्या डोंगराळ भागातून आलेली धावपटू कविता राऊत अनवाणी धावायला लागली कारण बूट परवडत नव्हते. मिलिंद सोमण यांनी अनवाणी मोठमोठी अंतरं कापली आहेत, पण ते वर्षानुवर्षांच्या सवयीवर. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्यातल्या कुणाचीही कामगिरी तुमच्या अकरा आठवड्यांना लागू पडत नाही, एवढंच.

कारण घाईची शिक्षा हाडांना होते. दहा आठवड्यांत पातळ, बोटं सुटी असलेल्या बुटांकडे वळणाऱ्या धावपटूंचे एमआरआय काढून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये आला. त्या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली, नेहमीच्या बुटात राहिलेल्या १७ पैकी एकाच्या. स्नायू दोन-तीन आठवड्यांत सावरतात, कंडरेला महिने लागतात, हाडालाही वेळ लागतो. गुडघ्यावरचा भार नाहीसा होत नाही, तो घोट्याकडे आणि टाचेमागच्या कंडरेकडे सरकतो. तिथे पूर्वी कधी दुखलं असेल तर हा प्रकार अजिबात करू नका. मधुमेह असेल आणि तळव्याला बधिरपणा असेल तरीही नाही.

तुम्ही असं करा. आठवड्यातून दोनदा, नेहमीचं हलकं धावणं संपल्यावर बूट काढा आणि २०० ते ४०० मीटर धावा, त्याहून जास्त नाही. जागा कडक, सपाट आणि स्वच्छ हवी : बास्केटबॉलचं कोर्ट, सोसायटीतला सिमेंटचा रस्ता किंवा चोपलेली लाल माती. हिरवळ बरी वाटते, पण ती टाच आपटायला मुभा देते आणि काचेचा तुकडा लपवते. पावलांचा आवाज ऐका, धप्-धप् येत असेल तर पाऊल अजून छोटं करा. टाच मुद्दाम वर धरू नका, तिला टेकू द्या. सतत चवड्यावर तरंगत राहिल्यानंच पोटऱ्या धरतात. मग लगेच बूट घाला आणि त्याच तालात एक किलोमीटर धावा. खरा सराव हा शेवटचा किलोमीटर आहे, कारण हाफला पाय बुटातच असणार आहेत. पोटऱ्या पूर्ण मोकळ्या झाल्याशिवाय पुढची खेप नाही. तीन-चार आठवडे त्रास न होता गेले तर अंतर हळूहळू ८०० मीटरपर्यंत न्या, हाफपर्यंत तिथेच थांबा.

कॅडेन्स १६० वरून १६६-१६८ झाला की पुरे. १८० चा आकडा सगळीकडे फिरतो, तो १९८४ च्या ऑलिंपिकमधल्या दिग्गजांकडे पाहून आलेला आहे, आणि ते ज्या वेगानं धावत होते त्या वेगाचा आहे. किलोमीटरला सहा मिनिटांच्या वेगानं १८० गाठायला गेलात तर पाऊल इतकं आखडेल की दमच जास्त लागेल.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी मुळीच नको, लेप्टोस्पायरोसिसच्या संसर्गाचा धोका खरा आहे. उन्हाळ्यात डांबर सकाळी आठनंतर तापतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते एकदा तपासा.

गुडघ्याला सूज येत असेल किंवा चालतानाही दुखत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तसं नसेल, तर मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर ठेवून बाजूनं एक स्लो-मोशन व्हिडिओ काढा, एक बुटात आणि एक अनवाणी, दोन्ही एकाच वेगानं. इथे टाका, पाय कमरेच्या किती पुढे पडतोय ते बघून पुढचं सांगतो.