पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धविरोधी मूकपट निघाले, की सगळा सरकारी प्रचारच होता?

प्रचारपट ढिगाने निघाले, पण विरोधही पडद्यावर आला. त्यातला एक तरी पाहाच: आबेल गान्स यांचा १९१९ चा फ्रेंच मूकपट 'जाक्यूझ', म्हणजे 'मी आरोप करतो'.

त्याच्या शेवटी मेलेले सैनिक रणांगणावरून उठतात आणि आपल्या गावाकडे चालू लागतात. आपल्या मरणाचं चीज झालं का, मागे राहिलेले नीट वागले का, हे त्यांना पाहायचं असतं. कोणाच्या डोक्याला पट्टी, कोणी सोबत्याच्या आधाराने चाललेला. यातले बरेच जण नट नव्हते, व्हर्दनच्या आघाडीवरून रजेवर आलेले सैनिक होते. रजा संपली की पुन्हा खंदकात. पुढच्या काही आठवड्यांत त्यांतले बहुतेक मारले गेले, असं गान्स नंतर सांगत. हे कळल्यावर ते चेहरे मला नुसते भूमिका म्हणून पाहताच येत नाहीत. १९१५ मध्ये लढताना उजवा हात गमावलेले कवी ब्लेझ सांद्रारही पडद्यावरच्या त्या मृतांमध्ये दिसतात.

तरी हा निखळ शांततावादी चित्रपट नाही. नायिकेवर अत्याचार करणारे जर्मन सैनिक यात आहेत आणि फ्रेंचांना स्फुरण देणारा त्यांचा पूर्वज, प्राचीन गॉल योद्धाही. युद्ध चालू असतानाच चित्रीकरण सुरू झालं, सैन्याची मदत घेऊन. शत्रूचा राग आणि युद्धाची शिसारी इथे एकत्रच येतात, आणि मला ते प्रामाणिक वाटतं.

युद्धाआधीचे दोन चित्रपटही महत्त्वाचे आहेत. बेल्जियममध्ये आल्फ्रेड माशँ यांनी १९१३ मध्ये 'मोदित स्वा ला गेर' (युद्धाला शाप असो) चित्रित केला. त्यात देशांची नावंच नाहीत. विमान शिकायला आलेला परदेशी तरुण युद्ध पेटल्यावर यजमानांच्याच देशाशी लढतो. विमानं आहेत, पेटलेली पवनचक्की आहे, आणि ज्वाळा रंगवलेल्या आहेत. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य खरोखरच बेल्जियममध्ये घुसलं.

दुसरा डॅनिश, शांततावादी लेखिका बेर्था फॉन सुटनर यांच्या 'शस्त्रं खाली ठेवा' या कादंबरीवरचा. सुरुवातीला त्या स्वतः लिहिताना दिसतात. २१ जून १९१४ ला त्यांचं निधन झालं, ज्या हत्येतून महायुद्ध पेटलं त्या सारायेव्होच्या हत्येच्या आठवडाभर आधी.

अमेरिकेतला 'वॉर ब्राइड्स' (१९१६) देश युद्धात उतरल्यावर मागे घेतला गेला. आज त्याची प्रत उरलेली नाही. गान्स यांनी १९३८ मध्ये 'जाक्यूझ' बोलपट म्हणून पुन्हा केला, पण आधी मूकपटच पाहा.