पोरगं लोकर विणतंय, स्थळ आलं तर काय सांगू?

"पोरगं गुणाचं हाय ताई, पगारबी चांगला हाय. पण रात्री जेवण झालं की लोकर घेऊन बसतंय. मी सांगून सांगून दमलो. आता स्थळं यायला लागलीत. कुणी बघितलं तर काय सांगू?"

कोल्हापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मला निरनिराळ्या रूपांत भेटतो. कुणाचा आठवीतला मुलगा क्रोशाची सुई हातात घेतो आणि वडील ती हिसकावून घेतात. कुणाचा नवरा निवृत्तीनंतर भरतकामाला बसतो आणि सुनेसमोर बायकोला अवघडल्यासारखं होतं. आज सांगते आहे ती गोष्ट वरचा प्रश्न घेऊन आलेल्या काकूंच्या घरची. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

मुलगा २७ वर्षांचा. शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, पाळ्या बदलत्या. कॉलेजपासून माव्याची, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना चोळून खायची सवय. पुढे तिखट झोंबायला लागलं, मग तोंड पूर्वीइतकं उघडेना. दातांच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की सुपारीमुळे तोंडाचं आतलं अस्तर ताठर होत चाललं आहे, गेलेलं सगळं परत येणार नाही, आणि खाणं चालूच ठेवलं तर पुढे कॅन्सरची भीती आहे. त्या दिवशी त्याने मावा सोडायचं मनावर घेतलं.

माव्याची सवय तोंडाला असते तितकीच हाताला असते. पुडी सोडायची, प्लॅस्टिकच्या कागदातला मावा तळव्यावर घोळवायचा, चोळायचा, मित्राला चिमूटभर द्यायची. हे सगळं एकदम बंद झालं की रिकाम्या हातांचं करायचं काय, हा प्रश्न खरा असतो. त्या वेळी त्याची आत्या भाचीच्या बाळंतपणासाठी टोपडं-मोजे विणायला त्यांच्याकडे येऊन राहिली होती. तो शेजारी बसून बघायचा. एका रात्री म्हणाला, "आत्या, मला दाखव की." आत्याने चाळीस टाके घालून दिले. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. तलफ येते ती जोरात येते, पण पाच-दहा मिनिटं कळ काढली की बहुतेक वेळा ओसरते. नवशिक्या हाताला चाळीस टाक्यांची ओळ पुरी करायला साधारण तेवढाच वेळ लागतो. टाका निसटला की उसवायचं आणि पुन्हा घालायचा, तेवढ्यात ती वेळ निघून जाते.

मावा कमी झाला, याचा काकूंना आनंद होता. पण सुया त्या लपवायच्या. दाराची कडी वाजली की लोकरीची पिशवी तांदळाच्या पिंपात. शेजारणीने विचारलं तेव्हा "आमच्या लेकीचं हाय" असं सांगून मोकळ्या झाल्या. पहिले पाहुणे बघायला आले त्या दिवशी अर्धा झालेला मफलर सुयांसकट गादीखाली गेला आणि सगळे टाके निसटले. मुलगा काही बोलला नाही. त्यानंतर आठवडाभर आईशीही बोलला नाही, म्हणून काकू माझ्याकडे आल्या होत्या.

मी त्यांना विचारलं, नक्की कशाची भीती वाटते? आधी "लोक हसतील" एवढंच म्हणाल्या. मी वाट बघितली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "बायल्या म्हणतील हो." आणि मग अगदी हळू, "तसलं काय नसंल न्हवं?"

हा प्रश्न विचारायला आईला धीर लागतो, म्हणून मी त्याला फाटा देत नाही. विणकामावरून कुणाला पुरुषांबद्दल ओढ आहे की बायकांबद्दल, हे कळत नाही. विणकामाने ती ओढ बदलतही नाही. आणि समजा मुलगा समलिंगी असता, तरी तो आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच तो आजारांच्या यादीतून काढला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. "बदलून देतो" म्हणणारे उपचार करणं हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. काकूंना मी हे सगळं सांगितलं, कारण असा संशय मनात ठेवून आई मुलाकडे बघत राहिली तर त्याला ते कळतंच, कारण काहीही असो.

घरात एक जावईही होते. त्यांनी मोबाइलवर टॉम डेलीचा फोटो दाखवला होता. हा ब्रिटनचा माजी डायव्हर. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये १० मीटर उंचीवरून जोडीने पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं आणि नंतर प्रेक्षकांत बसून विणताना तो साऱ्या जगाला दिसला. पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने पिशवीही विणली होती. तो समलिंगी आहे हे त्याने स्वतःच जाहीर केलेलं आहे. जावयांनी नेमकं तेवढंच उचललं, "बघा, विणणारा कोण असतो ते!" त्यावर मी काकूंना पेरू देशातल्या टकीले बेटाबद्दल सांगितलं. टिटिकाका सरोवरातल्या त्या बेटावर टोप्या विणायचं काम पुरुषांचं आहे. मुलगे लहानपणीच शिकतात, आणि लग्नाच्या वयाच्या मुलाची पारख करताना त्याची वीण किती घट्ट आहे हेही बघितलं जातं. तिथली वस्त्रकला युनेस्कोने २००५ मध्ये मानवी वारसा म्हणून गौरवली. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तिकडं आमच्या पोराला स्थळं जास्त आली असती."

खरा प्रश्न मुलाच्या वडिलांचा आहे, असं मला वाटत होतं. ते उद्यमनगरात टर्नर होते, तरुणपणी तालमीत घुमलेले. खासबागेत कुस्ती बघायची म्हणजे काय, हे तासभर सांगू शकणारा माणूस. मुलाच्या विणकामावर ते एक अक्षर बोलले नव्हते, आणि त्या न बोलण्याचा अर्थ घरात प्रत्येकाने आपापल्या परीने लावला होता. मी त्यांना बोलावलं. ते आले, खुर्चीच्या कडेला बसले. मी तालमीतल्या दिवसांबद्दल विचारलं, तसे मोकळे झाले. पहाटेचा मेहनतीचा आखाडा, जोर-बैठका, थंडाईसाठी बदाम घोटणं. मी विचारलं, जेवण कोण करायचं? "आमीच की. भाकरी बडवायची, मटण शिजवायचं, भांडी घासायची. तालमीत बाईमाणूस कुठनं येणार?" घरी कधी भाकरी थापली? ते थांबले. "न्हाई. घरी कशाला?"

मी त्यावर भाष्य केलं नाही. तेच पुढे बोलायला लागले. त्यांच्या गल्लीत ब्लाउज शिवणारा टेलर पुरुष होता, त्याला कुणी कधी काही म्हटलं नाही. इचलकरंजीला त्यांचा मेहुणा यंत्रमागावर आयुष्यभर सूत जोडत होता. पावसाळ्यात ते अंगावर घ्यायचे ते घोंगडं सणगराच्या मागावर पुरुषानेच विणलेलं. मी त्यांना काश्मीरच्या सोझनीबद्दल सांगितलं. शालीवर बारीक सुईने भरतकाम करणारे ते कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी पुरुष आहेत. आपले नामदेव महाराज शिंपीच होते. सुईदोऱ्याने पुरुषपण जातं असं आपण कधी मानलंच नव्हतं. त्याचे पैसे मिळत असले, पाटी लावलेली असली, की तो धंदा. तेच काम घरात, मोबदल्याशिवाय, आवडीने केलं की ते बायकी. म्हणजे कमीपणा सुईला नाही. बायका घरात फुकट जे करत आल्या त्याला आपण किंमत दिली नाही, तो कमीपणा आता मुलाच्या वाट्याला येतो आहे. हे मला फार मनापासून वाटतं, आणि मी ते वडिलांना असंच सांगितलं.

मग आणखी एक गोष्ट निघाली, ती काकूंनीच काढली. मुलगा मावा खायचा तेव्हा पाहुण्यांसमोर खायचा. मामांबरोबर चोळून खायचा. अंगणात पिचकारी मारायचा. तेव्हा कुणाला लाज वाटली नाही, कुणी पुडी पिंपात लपवली नाही. "पोरं खात्यातच" म्हणून सोडून दिलं. तोंड बंद होत चाललं होतं ते चाललं, आणि मफलर मात्र गादीखाली. एवढं बोलून काकू रडल्या.

मी सुचवलं की पाहुण्यांना सरळ सांगा, मावा सोडताना शिकला, त्याचा उपयोग झाला. वाक्य सोपं होतं आणि दोघांना पटलं. मुलाला पटलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "मावा सुटला म्हणून माफ, असं नको मॅडम. आता मला विणायला आवडतं. उद्या तलफ नसली तरी विणणार."

त्याचं म्हणणं मोलाचं होतं. पुरुष विणतो म्हटलं की आपण लगेच कारण शोधतो, ताण कमी होतो, व्यसन सुटतं, एकाग्रता वाढते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३,५४५ विणणाऱ्यांनी उत्तरं दिली होती, आणि जे जास्त वेळा विणतात त्यांनी जास्त शांत वाटतं असं सांगितलं होतं. माहिती उपयोगी आहे, पण उत्तरं देणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या, आणि सगळं त्यांच्याच सांगण्यावर. शिवाय बाईने विणलं तर तिच्याकडे कुणी असा दाखला मागत नाही. त्या मुलाला औषध म्हणून मिळालेली परवानगी नको होती. त्याच्या खोलीत लोकर उघड्यावर राहावी आणि तिच्याबद्दल कुणी खुलासा देऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

तेव्हा ठरलं ते असं. पिशवी पिंपात जाणार नाही, तशी कुणी आलं म्हणून मुद्दाम पुढेही मांडली जाणार नाही. विचारलंच तर "त्याला आवडतं, तो विणतो" इतकं बोलून विषय पुढे न्यायचा. जावयांशी वडील स्वतः बोलणार. ते काय बोलले मला माहीत नाही, पण फोटो दाखवणं बंद झालं. आणि मुलाकडून मी एक गोष्ट मागितली. लग्नाच्या मुलीला विणकाम सांग किंवा नको सांगूस, पण मावा आणि तोंडाचा आजार आधी सांगायचा. त्या घरात आतापर्यंत उलटं चाललं होतं.

एका स्थळाने नकार कळवला, कारण दिलं नाही. काकूंना वाटलं, लोकरीमुळेच. तसं असेलही. मी त्यांना एवढंच म्हटलं की तसं असेल तर ते लग्नाआधी कळलं हे बरं. दुसऱ्या घरी दोघांना गच्चीवर बोलायला वेळ दिला, तेव्हा त्याने दोन्ही गोष्टी सांगितल्या. मुलीने लोकरीबद्दल काही विचारलं नाही. मावा पुन्हा सुरू होणार नाही याची खात्री काय, हे मात्र दोनदा विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. रात्रपाळी संपताना मित्रांबरोबर अधूनमधून अजून एखादी चिमूट होते, हे त्याने तिला सांगितलं आणि तोच प्रश्न घेऊन माझ्याकडे आला. आता आमचं काम त्यावर चालू आहे. पाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर न थांबता कसं निघायचं, कुठल्या मित्राला आधी सांगून ठेवायचं, दातांच्या डॉक्टरांची पुढची तपासणी कधी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत फोनसेवा आहे, त्यावर त्याने माझ्यासमोरच पहिला फोन लावला.